डावीकडं काढलेला उजवा कप्पा

आमच्या घराण्यात प्रत्येकाला काही ना काही येतं. कुणाला गाणं, कुणाला लोणचं. मला संशय घेता येतो. कुणी फ्रीज घेतला, स्थळ बघितलं, जमिनीचा उतारा काढला, की पहिला प्रश्न येतो, "मामांना दाखवलं का?" मी कागद हातात घेतो, उजेडापुढं धरतो, उलटा करून बघतो आणि एक तरी खोट काढतो. खोट निघाली नाही तर लोक नाराज होतात, म्हणून मी काढतोच.

ही विद्या मी पैदा केली ती धंद्यात. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मी तीस वर्षं डिझाइन काढलं. चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवायची, तिच्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, त्या पट्ट्या मागावर चढल्या की चादरीत नक्षी उतरते. चादरीला दोन अंगं असतात. वर जिथं लाल, तिथं खाली पांढरं. फुला-वेलींचं यात काही बिघडत नाही, पण अक्षरांचं बिघडतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका पतसंस्थेच्या समारंभासाठी नाव विणलेल्या चाळीस चादरींची ऑर्डर आली. माझ्या डिझाइनप्रमाणं चाळीसही विणून झाल्या. सुलट्या अंगावरचं नाव वाचायचं तर आरशात बघावं लागत होतं. मालकांनी रागावण्याऐवजी त्यातली एक चादर माझ्या टेबलाच्या मागच्या भिंतीवर टांगली आणि निवृत्त होईपर्यंत काढली नाही. तेव्हापासून कुठलाही कागद मी उलटा करून बघितल्याशिवाय मान हलवत नाही.

एवढं सांगायचं कारण, आयुष्यात एकदाच मी कागद उलटा करून बघितला नाही, आणि तो नेमका कुठला होता ते सांगायचंय.

माझी बहीण गेल्यापासून भाचीचं माहेर म्हणजे आमचंच घर. ती वळसंगला वाढली, तिथंच शिवण शिकली आणि मंगळवेढ्याला दिली. पहिलं बाळंतपण आमच्याकडं, सोलापुरातल्या दवाखान्यात. मुलगा झाला, रडला, वजन चांगलं भरलं. मी पेढे वाटताना पेढ्यांवरही संशय घेतला, एवढा सगळा आनंदीआनंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या ओठांचा रंग बघून माझी बायको म्हणाली की खोलीत गारठा आहे, पंखा बंद करा. पंखा बंद केला. ओठ तसेच राहिले. नखंही जांभळट दिसायला लागली. आमच्याकडं सगळेच सावळे, त्यामुळं काळं-निळं कुणाला पटकन कळत नाही. कळलं ते नर्सला. तिनं बाळ उचललं आणि वरच्या मजल्यावर नेलं.

तासाभरानं आम्हाला बोलावलं. आम्ही म्हणजे मी, बायको आणि मंगळवेढ्याहून आदल्या दिवशीच आलेले जावई. भाची खाली बाळंतिणींच्या खोलीत. तिला जिने चढायचे नाहीत असं बजावलेलं.

बाळ काचेच्या पेटीत होतं. पायाला चिमटा, चिमट्याची वायर यंत्रात, यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा लाल आकडा. अडुसष्ट. लहान मुलांच्या डॉक्टर एक बाई होत्या, माझ्या मुलीपेक्षा चार-दोन वर्षांनीच मोठ्या असतील. हेही मला खटकलं. त्या म्हणाल्या, ऑक्सिजन लावूनही आकडा चढत नाही, तेव्हाच मला शंका आली, म्हणून हृदयाची सोनोग्राफी केली. मला वाटलं, आकडा चढत नसेल तर आधी यंत्र तपासावं. बाई सोनोग्राफीचे कागद आणायला वळल्या तेवढ्यात मी बाजूच्या रिकाम्या पलंगावरचा चिमटा स्वतःच्या बोटाला लावून बघितला. अठ्ठ्याण्णव. मग वाटलं, मोठ्या माणसाचं यंत्र चालतंय, लहानाचं बिघडलंय.

परत आल्यावर बाईंनी मला विचारलं, "काका, तुम्ही काय करता?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, खुर्ची पुढं ओढली आणि समजावायला लागल्या.

पोटात असताना, त्या म्हणाल्या, हृदयातून वर निघणारी मोठी नळी आधी एकच असते. मग तिच्यात मधून पडदा तयार होतो आणि तो पडदा पीळ घेत घेत वर जातो. त्यामुळं एका नळीच्या दोन होतात आणि त्या एकमेकींना वळसा घालतात. सुताचे दोन धागे पिळावेत तशा. एक फुप्फुसाकडं जाते, एक सगळ्या शरीराकडं. तुमच्या बाळाच्या नळ्यांना हा पीळच पडला नाही. दोन्ही सरळ, शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. त्यामुळं जी डाव्या कप्प्यावर बसायची ती उजव्यावर बसली, आणि उजव्यावरची डाव्यावर.

पीळ म्हटल्यावर मला सगळं लख्ख कळलं. आणि कळलं म्हणूनच मी सावध झालो. आधी धंदा विचारायचा आणि मग धंद्यातलाच दाखला द्यायचा, ही तर साडीच्या दुकानातली रीत. गिऱ्हाईक शिक्षक असेल तर म्हणायचं, मॅडम, शाळेत उठून दिसेल.

बाई पुढं सांगत होत्या. शरीरातून आलेलं निळं रक्त उजव्या बाजूला येतं, ते फुप्फुसात जायला हवं, पण इथं ते तसंच परत शरीरात जातंय. फुप्फुसातून आलेलं ताजं लाल रक्त डाव्या बाजूला येतं, ते परत फुप्फुसातच जातंय. दोन वेगळी चक्रं, एकमेकांना भेटतच नाहीत. आईच्या पोटात याचं काही अडत नव्हतं, तिथं श्वास आईचा. आत्ता बाळ जगतंय ते वरच्या दोन कप्प्यांमधलं एक बारीक भोक आणि दोन मोठ्या नळ्यांमधली एक छोटी वाट, एवढ्यावर. तिथं थोडं लाल-निळं मिसळतंय. ती वाट एक-दोन दिवसांत आपोआप मिटते. ती उघडी राहावी म्हणून मी सलाईनमधून औषध सुरू केलंय. पण भोक फार लहान आहे. आजच पुण्याला न्या. तिथं आधी पायाच्या शिरेतून फुगा घालून ते भोक मोठं करतील, आणि आठ-दहा दिवसांत नळ्यांची अदलाबदल करायचं ऑपरेशन.

हे सगळं त्यांनी बोलता बोलता एका कागदावर काढलं. चार कप्पे, वर दोन सरळ नळ्या, बाण. कप्प्यांत अक्षरं: उजवा, डावा. नळ्यांवर अक्षरं: शरीराकडे, फुप्फुसाकडे. कागद माझ्या हातात दिला, संमतीचा फॉर्म जावयांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, लवकर ठरवा, गाडी खाली उभी आहे.

गाडी खाली उभी. आम्ही हो म्हणायच्या आधी. मी खिडकीतून बघितलं, खरंच उभी होती, ड्रायव्हर दाराला टेकून चहा पीत होता.

जावयांनी पेन काढलं आणि माझ्याकडं बघितलं. सहा फूट उंचीचा, शाळू पिकवणारा माणूस, पण तो माझ्याकडं असं बघत होता जसं वीज गेल्यावर लोक मीटरकडं बघतात. म्हणाला, "मामा, तुमी म्हणाल तसं. मला काय बी समजंना."

मी म्हणालो, पाच मिनिटं थांबा.

व्हरांड्यात जाऊन मी मोबाइलला विचारलं की हृदयाच्या कुठल्या कप्प्यातून शरीराला रक्त जातं. मोबाइलनं उत्तर दिलं, डाव्या, खालच्या कप्प्यातून. मी कागद बघितला. शरीराकडं जाणारी नळी डावीकडच्या कप्प्यातूनच निघाली होती. पुन्हा बघितलं. डावीकडच्याच. फक्त त्या डावीकडच्या कप्प्यात बाईंनी लिहिलं होतं, उजवा.

माझे कान गरम झाले. सापडली. नळ्या जिथल्या तिथं आहेत. उलटी आहेत ती बाईंची अक्षरं. जिला डावं-उजवं कळत नाही ती बाई दोन दिवसांच्या लेकराला पुण्याला पाठवून त्याची छाती फोडायला लावतेय.

खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. बाळाला काही झालेलं नाही, आणि ते मी ओळखलं, या दोन्हींचं मिळून बरं वाटलं. त्यातलं कुठलं जास्त, हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

जावयांना मी जाऊन सांगितलं, सही करू नका. बायकोनं विचारलं, का. म्हटलं, नंतर सांगतो, पुरावा करतो आधी. आणि दवाखान्यासमोरच्या दुकानात जाऊन मी त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. दुकानदार म्हणाला, "चाचा, चित्तर फिक्का आताय, डार्क करूं?" म्हटलं, कर. मग चित्राचा फोटो घराण्याच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: डॉक्टरबाईंनी उजवा कप्पा डावीकडं काढला आहे. ऑपरेशन सांगत आहेत. सर्वांनी लक्षपूर्वक पाहावे.

सर्वांनी लक्षपूर्वक पाहिलं. अकरा जणांनी अंगठे दिले. अक्कलकोटच्या चुलतभावानं लिहिलं, उजवा उजवीकडंच असतो. एका मावसबहिणीनं लिहिलं, मामा होते म्हणून. जेऊरच्या साडूंनी, जे रेल्वेत होते आणि ज्यांना सिग्नल कळतो, त्यांनी लिहिलं की दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हलू नका. मी ओळखीच्या एका डॉक्टरला फोन लावला, तो उचलेना. पुन्हा लावला. या सगळ्यात पाऊण तास गेला. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर फोनमधल्या वेळा बघितल्यावर कळलं.

वर आलो तेव्हा आकडा एकसष्ट होता. डॉक्टरबाई पेटीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मला शांतपणे विचारलं की काका, काही अडचण आहे का. मी म्हणालो, आमचं कुटुंबात बोलणं चाललंय. बायको काचेतून बाळाच्या पायांकडं बघत होती, आणि मी यंत्राकडं, अजूनही त्याच्यावर संशय घेत.

तेवढ्यात भाची जिन्यावरून वर आली.

कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत दोन मजले चढलेली. गाऊनवर शाल, कानाला रुमाल, एका हातात मोबाइल. जावई धावले, तर तिनं त्यांना हातानंच थांबवलं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला दम लागला होता म्हणून ती थोडा वेळ नुसती बघत राहिली, आणि तो थोडा वेळ मला आजही पुरतो.

"मामा, ग्रुपवर चित्र तुमी टाकलंय न्हवं?"

"व्हय."

"कागद कुटं हाय?"

मी दिला. तिनं तो सरळ केला आणि माझ्या शर्टावर, छातीशी, दोन्ही हातांनी दाबून धरला. चित्राची बाजू तिच्याकडं. ब्लाउजचं कापड अंगाला लावून बघतात तसा.

"आता उजवा हात वर करा."

मी केला. व्हरांड्यातले लोक बघायला लागले. तिनं कागदावरच्या 'उजवा' या अक्षरांवर बोट ठेवलं. माझा हात वर होता त्याच बाजूला.

"बाळ आपल्याकडं तोंड करून हाय की, मामा. गिऱ्हाईक पुढं उभं राहिलं की त्याचा उजवा खांदा आपल्या डावीकडंच येतो. बाईंनी बराबर काढलंय."

मी हात खाली घ्यायचा विसरलो. तिनं जावयांकडून पेन घेतलं आणि विचारलं, "सही कुटं करायची?"

पुढच्या दहा मिनिटांत गाडी निघाली. पेटी, पेटीबरोबर एक डॉक्टर आणि नर्स, पुढं भाची आणि जावई. ड्रायव्हरनं चहाचा कप कुठं टाकला कुणास ठाऊक. मी ज्या गाडीवर संशय घेतला ती सुरू होताना धक्कासुद्धा बसला नाही. नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं, तिला औषध सुरू करतानाच बोलावून ठेवलं होतं, कारण असली पेटीवाली गाडी मागितल्या मागितल्या मिळत नाही.

आम्ही दोघं मागून एसटीनं जायचं ठरलं. बायको पिशव्या भरायला खाली गेली तेव्हा मी जिन्याच्या खिडकीशी उभं राहून तो कागद उजेडापुढं धरला आणि उलटा केला. तीस वर्षं केलं तसं. मागून 'उजवा' उजवीकडं आला, उलट्या अक्षरांत, माझ्या त्या चाळीस चादरींसारखा. शरीराकडं जाणारी नळी त्याच्यावर. बघायला तेवढंच लागत होतं, एक सेकंद. ते मी का बघितलं नाही याचं उत्तर मला तिथंच मिळालं: मला हवं होतं ते सुलट्या बाजूला आधीच सापडलं होतं.

ग्रुपवर मी लिहिलं, चित्र बरोबर आहे, माझी चूक झाली, बाळाला पुण्याला नेत आहेत. अकरा अंगठे आले. तेच अकरा.

एसटीनं टेंभुर्णी मागं टाकल्यावर बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी आपल्या पोरीला कधी झबलं घातलं होतं का?"

मी प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. एकदा घातलं होतं. दोन्ही हात एकाच बाहीत गेले होते.

"म्हणून," ती म्हणाली.

पुण्यात त्या संध्याकाळी फुग्यानं भोक मोठं केलं. पायातून बारीक नळी वर नेतात, तिच्या टोकाला मिटलेला फुगा, तो भोकातून पलीकडं नेऊन फुगवायचा आणि एका झटक्यात मागं ओढायचा. हृदयातलं भोक मोठं केलं म्हणून घरात कुणी इतकं हुश्श केल्याचं मी पाहिलेलं नाही. आकडा ऐंशीच्या पुढं गेला. ओठांना लालसर कड आली. जावई बाहेरच्या बाकावर बसून रडले आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणजे ठेवायला गेलो. मग वाटलं, आपल्याला तो हक्क आहे का, आणि हात बाकाच्या पाठीवर ठेवला.

ऑपरेशन नवव्या दिवशी. उशीर का चालत नाही तेही तिथल्या सर्जननी सांगितलं. डावा कप्पा सध्या फुप्फुसापुरतंच, हलकं काम करतोय. असाच राहिला तर त्याला सवय लागेल, मग सगळ्या शरीराचं ओझं त्याला झेपणार नाही. मोठ्या नळ्या वरून कापून अदलाबदल करायच्या. पण अवघड ते नव्हे, अवघड त्या दोन केसाएवढ्या रक्तवाहिन्या, ज्या शरीराकडं जाणाऱ्या नळीच्या बुंध्यातून निघतात आणि खुद्द हृदयालाच रक्त पुरवतात. त्या नळीची जागा बदलली की त्यांनाही तिच्या मागोमाग न्यावं लागतं. त्यांच्या मुळाशी बटणाएवढा गोल तुकडा ठेवून त्या काढायच्या आणि दुसऱ्या बुंध्यावर शिवायच्या.

बटण आणि शिवण म्हटल्यावर भाचीनं मान वर केली. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदाच तिनं स्वतःहून प्रश्न विचारला. "बाळ मोठं होईल तशी शिवण ताणंल की. उसवायची न्हाय ना?"

सर्जन म्हणाले की त्याची काळजी घेऊनच शिवतो, आणि नळीही बाळाबरोबर वाढते. तिनं मान डोलावली. एका कारागिरानं दुसऱ्याला मानलं, तसं. मला धाग्याबद्दल दोन-तीन शंका होत्या. मी त्या गिळल्या.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि दुपार कलल्यावर संपलं. बाहेर आलेल्या नर्सचा चेहरा मी अर्ध्या व्हरांड्यापासून तपासत होतो. ती हसत होती. मला वाटलं, सगळ्यांनाच असं हसून सांगत असतील.

पोरगं आता अडीच वर्षांचं आहे. छातीवर मधोमध एक सरळ रेघ. पावसाच्या पाण्यात नाचतं, भाकरीचा पापुद्रा तेवढा खातं. त्या पाऊण तासाबद्दल भाची आजवर एक अक्षर बोललेली नाही. मी वाट बघतो. एखाद्या भांडणात, एखाद्या सणाला, ती म्हणेल. ती म्हणत नाही. उलट नवं शिलाई मशीन घ्यायचं होतं तेव्हा तिनं मला मंगळवेढ्याला बोलावून घेतलं, की मामा, बघून द्या. मशीनमध्ये तिला कळतं तेवढं मला सात जन्मात कळणार नाही. ते तिनं मशीनसाठी केलं की माझ्यासाठी, हा संशय मला आहेच. मी एक खोट काढली. तिनं दुकानदाराला ती गंभीरपणे सांगितली.

वर्षातून एकदा पोराची सोनोग्राफी असते. यंदा मीही गेलो होतो. रिपोर्टाबरोबर तिथल्या डॉक्टरांनी एक चित्र काढून दिलं, आता कुठली नळी कुठं बसलीय ते. भाचीनं ते वाचायच्या आधीच माझ्यापुढं केलं. "धरा मामा. तुमी बघा."

मी चित्र छातीला लावलं, अक्षरं बाहेरच्या बाजूला, आणि मान खाली घालून वाचायला लागलो. आता डावं-उजवं बरोबर होतं, पण वरचं खाली गेलं होतं. हनुवटी छातीला टेकवून, डोळे फिरवून मी एकेक बाण बघत होतो. समोर बाकावरच्या म्हाताऱ्या बाईनं आपल्या लेकाला कोपरानं ढोसलं. पोरगं माझ्या गुडघ्याशी येऊन कागदावरचे कप्पे बोटानं टोचायला लागलं.

"बराबर हाय का?" भाचीनं विचारलं.

शरीराकडं जाणारी नळी माझ्या डाव्या हाताच्या बाजूला होती. मी डावा हात वर करून खात्री केली.

"हाय," मी म्हणालो. "पण एकदा तू बी बघ."